पत्नीच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मला देण्यात येऊ नये, याबाबत

प्रति,
मा. संनियंत्रण अधिकारी,
अल्पमुदत प्रशिक्षण कक्ष (आरोग्य व सामाजिक सेवा),
विभागीय कार्यालय, कोल्हापूर.

अर्जदार : बाळासो यशवंत वरुटे, वय ६३, निवृत्त,
रा. उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

विषय : माझ्या पत्नीच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मला सुपूर्द करण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीचा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचा दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजीचा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, संदर्भ क्र. १ अन्वये ज्याने आपल्याकडे ध्वनिमुद्रण मागितले तो मीच, आणि संदर्भ क्र. २ अन्वये ते मंजूर झाले असता नको म्हणणाराही मीच. मागून मिळालेली वस्तू जो परत करतो त्याच्याकडे संशयाने पाहावे, असे माझेही मत आहे. गेटवर असतो तर अशा माणसाला मी बाजूला उभा केला असता. म्हणून काय घडले ते सर्व लिहितो. अर्ज लांबला आहे, तरी शेवटपर्यंत वाचावा. माझा पहिला अर्ज शेवटपर्यंत वाचला गेला नसावा असा मला संशय आहे, त्याचे कारण पुढे येईल.

१. मी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीच्या गेटवर सुरक्षा रक्षक म्हणून लागलो व त्याच गेटवरून रक्षकांचा हवालदार म्हणून निवृत्त झालो. सुटलेल्या कामगाराचा डबा उघडणे, गाडीची सीट उचलून पाहणे, आलेल्या पावण्याला "कुणाकडं? कशाला? चिठ्ठी हाय?" असे विचारणे, हे माझे काम. भाकरीखाली दडवलेले यंत्राचे पितळी बुश मी स्वतः पकडलेले आहे. त्यामुळे कोणी सहज म्हणून घरी येते, यावर माझा विश्वास बसत नाही. घरी मी, पत्नी सौ. आक्काताई व माझी आई बयाबाई अशी तीन माणसे आहोत. मुलगा व मुलगी वेगळे राहतात. आई न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून ती पुढच्या खोलीत कॉटवर आहे. तिचे सर्व पत्नी करते.

२. दिवाळी झाल्यावर गावातील आशाताई दोन मुलींना घेऊन आमच्या दारी आल्या. त्यांतील अनुजा नावाची मुलगी बोलली, दुसरी नुसती बघत होती. अनुजाने सांगितले की, त्या दोघी नर्स असून कोल्हापुरातील 'सेवाभान' नावाच्या प्रशिक्षण केंद्रात संशोधन पद्धतीचा पाच दिवसांचा अभ्यासक्रम करीत आहेत. लोकांना कसे विचारायचे, कसे ऐकायचे आणि ऐकलेल्यातून दवाखान्याला व सरकारला उपयोगी पडेल असे काय काढायचे, हे तेथे शिकवतात. सरावासाठी, घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकांशी बोलायचे आहे.

सराव हा शब्द मला खटकला. सराव गाडी चालवण्याचा करतात, दुसऱ्याच्या बायकोवर कसला सराव? मी ओळखपत्रे पाहिली, ती बरोबर होती. मी कागद मागितला. त्यावर आवाज टेप होईल, नाव कुठेही येणार नाही व मधेच थांबता येईल, असे लिहिले होते. मी म्हणालो, "माझी सही कुठं?"

अनुजा म्हणाली, "काका, सही काकूंची लागते."

माझ्या घरात माझ्या सहीशिवाय गॅसचे सिलिंडरसुद्धा उतरत नाही. माझा संशय तेथून सुरू झाला.

३. त्यानंतर दोन्ही मुली पत्नीसह स्वयंपाकघरात गेल्या व दार आतून लोटले. मी बाहेर कट्ट्यावर बसलो. मला वाटले, दहा मिनिटांचे काम असेल. किती वर्षांच्या, कुठल्या गोळ्या, कुठला दवाखाना, संपले. प्रत्यक्षात आमच्याकडची चहाची वेळ उलटून गेली तरी दार उघडले नाही.

मध्येच आतून हसण्याचा आवाज आला. रडण्याचा आला असता तर मी समजू शकलो असतो, घरात आजारी माणूस आहे. परंतु पत्नी मोठ्याने हसत होती. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, असे हसणे मी ओळखू शकलो नाही. प्रथम मला वाटले, त्या मुलींपैकी कोणी हसली. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. ते जास्त वाईट होते.

मुली गेल्यावर मी विचारले, "काय बोलत होतीस एवढा येळ?"

पत्नी म्हणाली, "काय न्हाय. आपलं असंच."

महोदय, 'आपलं असंच' एवढा वेळ कोणी बोलत नाही.

४. मी आईकडे चौकशी केली. तिची कॉट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे व तिचे कान अद्याप तिखट आहेत. मी विचारले, "काय म्हणत होती ती माझ्याबद्दल?"

आई म्हणाली, "तुझं नाव एकदाबी आलं न्हाय."

"असं कसं? एवढा येळ बोलली की."

"आता न्हाय आलं त्याला मी काय करू? मी कान देऊन ऐकत हुते. मलाबी वाटलं, आता येईल, मग येईल."

या उत्तराने माझे समाधान होण्याऐवजी संशय वाढला. एवढा वेळ घरातले बोलायचे आणि घरातल्या कर्त्या माणसाचे नाव एकदाही घ्यायचे नाही, हे ठरवून केल्याशिवाय होत नाही, असे मला वाटले. गेटवर जो माणूस आपल्याकडे बघतच नाही त्याचीच झडती मी आधी घेत असे.

५. पुढच्या आठवड्यात पत्नीच्या वागण्यात फरक पडला. आईला कुशीवर वळवताना तिने मला हाक मारली, "अवो, जरा हिकडनं धरा की." पूर्वी तिने असे कधी म्हटले नव्हते. मी धरले. पण मनात आले, हे हिला कोणी शिकवले?

आमच्या गल्लीत अतुल नावाचा इसम प्लॉटच्या खरेदी-विक्रीची कामे करतो. त्याच्या कानावर हे घातले. तो म्हणाला, "काका, तुमी बी भोळं हाय. सर्व्हे असतोय त्यो. म्हातारी कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर, सगळं काढून घेत्यात बोलण्या-बोलण्यात. आन् आवाज? आजकाल बाईचा आवाज मशीनात घातला की मशीन तसंच बोलतंय. उद्या काकूंच्या आवाजात बँकेत फोन गेला तर काय करशीला?"

मी त्याच दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून आणले. काहीही गेले नव्हते. अतुल म्हणाला, "आत्ताच कसं जाईल? थांबत्यात ती माणसं."

(अतुल यास हा मजकूर मान्य नसल्यास त्याने स्वतंत्र अर्ज करावा.)

६. त्यानंतरच्या गुरुवारी पत्नी शेजारच्या चिमणाबाईंना आईजवळ बसवून, कोल्हापूरला जाऊन येते म्हणाली. कशाला, असे विचारता म्हणाली, "त्या पोरींनी बोलवलंय. मी बोलले ते लिहून काढलंय म्हणं, वाचून दावणार हाईत. चुकलं असंल तर सांगायचं."

ती केएमटीने गेली. मी माझ्या मोपेडवरून, अंतर ठेवून, बसच्या मागे गेलो. राजारामपुरीच्या एका गल्लीत कपड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर हे केंद्र आहे. पत्नी वर गेली. मी खाली दुकानदाराला विचारले, "वर काय चालतं?"

तो म्हणाला, "कोर्स चालतात. बायका येत्यात, रडत्यात, हसत्यात, जात्यात. मला बी काय कळंना झालंय."

पत्नी उतरून गेल्यानंतर मी वर गेलो. केंद्राच्या प्रशिक्षिका श्रीमती प्रियदर्शनी कुरणे यांना भेटलो. त्यांनी मला खुर्ची व चहा दिला. चहाचे पैसे घेतले नाहीत, हेही मी मनात नोंदवले. मी सांगितले की, मी सौ. आक्काताईंचा नवरा, घरातला कर्ता, मला टेप ऐकवा.

श्रीमती कुरणे म्हणाल्या, "ते नाही देता येणार काका. ते काकूंचं बोलणं आहे."

मी म्हणालो, "काकू कुणाच्या?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "तुम्ही काकूंना विचारा. त्या ऐकवा म्हणाल्या तर मी स्वतः घरी येऊन ऐकवीन. आणि आम्ही काय शिकवतो हे बघायचं असेल तर बुधवारपासून तीन दिवसांचा वर्ग आहे, घरी रुग्ण असलेल्या नातेवाइकांसाठीच. नुसतं उत्तरं देणारे म्हणून नाही, प्रश्न विचारणारे म्हणून नातेवाईक तयार व्हावेत, असा विचार आहे. जागा शिल्लक आहे. या."

मी बाहेर पडलो व दुसऱ्या दिवशी आपल्याकडे संदर्भ क्र. १ चा अर्ज दिला. त्यात मी लिहिले होते की, केंद्र स्त्रियांना फितवते, घरातील मालमत्तेची माहिती काढते व आवाजाचा गैरवापर होण्याचा धोका आहे. यांपैकी एकाही गोष्टीचा पुरावा माझ्याकडे नव्हता. अतुल होता.

७. बुधवारी मी वर्गात जाऊन बसलो. शिकण्यासाठी गेलो नव्हतो. टेप कोणत्या कपाटात ठेवतात, किल्ली कोणाकडे असते, रात्री कोण कुलूप लावते, हे बघायला गेलो होतो. तसे मी पहिल्या तासातच बघून घेतले. कपाट एकच होते आणि त्यात खडू, डस्टर व बिस्किटांचे पुडे होते. आवाज संगणकात असतात व त्याला परवलीचा शब्द असतो, असे कळले. तेव्हा माझा जाण्याचा हेतू संपला. परंतु उठून जाणे बरे दिसेना, म्हणून बसलो.

वर्गात बहुतेक बायका होत्या. पुरुष आम्ही दोघे-तिघे. पहिल्या दिवशी जोड्या लावून एकमेकांना प्रश्न विचारायला सांगितले. माझ्या जोडीला शिवानी नावाची बाई आली, तिचा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. मला जे येते ते मी विचारले, "नाव काय? कुठनं आलात? कुणी पाठवलं? किती वाजता निघाला? संगट कोण?"

शिवानीबाईंनी सगळ्याची उत्तरे दिली आणि गप्प बसल्या. श्रीमती कुरणे मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, ही झडती झाली. झडतीत जे खिशात आहे तेवढंच सापडतं. एकच प्रश्न विचारा. सकाळ कशी सुरू होते, असा. आणि मग बोलू नका."

मग शिवानीबाईंची पाळी आली. त्यांनी मला तोच प्रश्न केला, "काका, तुमच्या घरी सकाळ कशी सुरू होते?"

मी म्हणालो, "चहानं."

त्या नुसत्या बघत राहिल्या. मी म्हणालो, "चहाच्या आधी आईचं आवरलेलं असतं." त्या तरीही गप्प. "म्हंजे बायको आवरते." काय काय आवरते, कशाने सुरुवात करते, आई तेव्हा काय म्हणते, हे मला माहीत नव्हते. मी म्हणालो, "घरात विचारून सांगतो." वर्गात कोणी हसले नाही. मला मात्र संशय आला की, हा प्रश्न मुद्दाम माझ्यासाठीच काढलेला आहे. नंतर पाहिले तर तो सर्वांनाच होता.

दुसऱ्या दिवशी संमती हा विषय होता. समोरच्याला सगळे समजावून सांगायचे, नाही म्हणण्याची मोकळीक द्यायची, आणि त्याने जे सांगितले ते त्याच्या घरच्यांनाही सांगायचे नाही. मी हात वर करून विचारले, "घरच्यांना का न्हाय? घरचीच माणसं असत्यात की."

श्रीमती कुरणे म्हणाल्या, "म्हणूनच."

या एका शब्दावर मी जेवणाच्या सुट्टीत फार चिडलो होतो.

८. तिसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या माणसांशी बोलायचे होते. मला एक गृहस्थ दिले गेले. त्यांचे नाव, गाव व घरात कोण आजारी आहे हे मी लिहीत नाही, कृपया विचारू नये. मी त्यांना कागद वाचून दाखवला, त्यांनी सही केली. मी सकाळचा प्रश्न विचारला. त्यांनी थोडेफार सांगितले व थांबले. मलाही पुढचा प्रश्न आठवेना, म्हणून मी नाइलाजाने गप्प बसलो. खिडकीबाहेर भोंगा वाजवीत टेम्पो गेला. तो लांब गेल्यावर ते गृहस्थ बोलू लागले. खाली मान घालून, मी समोर नसल्यासारखे, ते बोलत राहिले. त्यांना पाणी द्यावे असे मला वाटत होते, पण उठलो तर ते थांबतील म्हणून उठलो नाही.

शेवटी ते म्हणाले, "हे मी कुणाला बोललो न्हवतो." आणि माझा हात हातात धरून, "बरं वाटलं बगा पावणं," म्हणून गेले. एवढे सांगण्यास त्यांची हरकत नाही, हे मी फोन करून विचारून घेतले आहे.

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यासमोरून जाताना कोणाला बरे वाटल्याचे मला आठवत नाही.

९. रविवारी सकाळी माझ्या दारात एक मोटारसायकल थांबली. त्या गृहस्थांचे थोरले बंधू पत्ता काढीत आले होते. बसा म्हटले तर बसले नाहीत. म्हणाले, "तुमच्यापाशी बोललाय म्हणं आमचा धाकटा. काय बोलला?"

मी म्हणालो, "ते सांगता येणार नाही."

"का? मी थोरला हाय घरातला. मला कळाय नको?"

"त्यांना विचारा."

"त्यो सांगत असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? माझ्याबद्दल काय बोलला एवढंच सांगा. एवढंच."

महोदय, मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते भांडायला आले आहेत असे बाहेरून दिसत होते, पण त्या माणसाला भीती वाटत होती. मला त्यांची दया आली, व त्यांच्या भावाने त्यांच्याबद्दल काही म्हटले असल्यास अगर नसल्यास ते सांगून टाकावे, असेही क्षणभर वाटले. मी सांगितले नाही. ते जाताना मला बरेच बोलून गेले. त्यांत "तुमचा ह्यात काय धंदा हाय ते बघतोच" हे एक होते. असाच मजकूर मी आपल्याकडील अर्जात केंद्राविषयी लिहिला होता.

पत्नी दारात उभी राहून हे सर्व ऐकत होती. तिने आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

१०. मंगळवारी आपला आदेश घरी पोहोचला. अर्जदार हे कुटुंबप्रमुख असल्याने ओळख पटवून त्यांस ध्वनिमुद्रणाची प्रत सोमवार, दि. २४ रोजी सकाळी अकरा वाजता देण्यात यावी, व तोपर्यंत केंद्राचे पुढील वर्ग स्थगित ठेवावेत, असे त्यात आहे.

याबाबत माझा संशय नम्रपणे नोंदवतो. आईच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मी वेगवेगळ्या कचेऱ्यांचे जिने अद्याप चढतो आहे. मात्र एक बाई दार लोटून जे बोलली ते तिच्या नवऱ्याच्या हातात देण्याचा आदेश इतक्या झपाट्याने कसा निघाला? आपण केंद्रास विचारले नाही. पत्नीस विचारले नाही. मला तरी कुठे विचारले? केवळ 'कुटुंबप्रमुख' हा शब्द वाचून पुढचे पान उलटले नसावे, असे वाटते. मी गेटमधून कोणाला असा सोडला असता, तर मला मेमो मिळाला असता.

या आदेशाची बातमी अतुलमार्फत गावभर झाली आहे. पुढच्या वर्गातील मुलींशी बोलायला चिमणाबाई तयार झाल्या होत्या. मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन, घाबरू नका, बोला, असे सांगितले. त्या म्हणाल्या, "व्हय की! आन् तुझ्यागत माझा ल्योक बी जाईल अर्ज घेऊन. नको बाबा. माझ्या पोटातलं पोटातच ऱ्हाऊ दे." (त्यांचे बोलणे त्यांना विचारून लिहिले आहे.) आशाताई सांगतात की, अशी गल्लीतील आणखी घरेही मागे सरली आहेत.

११. आता मुख्य गोष्ट. आदेशाचा कागद प्रथम पत्नीच्या हाती पडला. तिला वाचता येते. मी बाहेरून आलो तेव्हा ती आईच्या कॉटवर पायथ्याला बसली होती व कागद मांडीवर होता. मला वाटले, आता आरडाओरडा होईल. ती शांतपणे म्हणाली, "जावा सोमवारी. ऐकून या."

मी म्हणालो, "अगं, तसं न्हाय..."

"न्हाय, जावा की. तुमचा हक्कच हाय म्हणं, लिवलंय हितं. फकस्त एक करा. एकदा ऐकून आला की मग मला जल्मात कवा काय इचारू नका. तिथं जे घावंल तेवढंच तुमचं."

आई कॉटवरून म्हणाली, "बाळू, गप बस जरा."

मी गप्प बसलो. आईने सांगितले म्हणून बसलो, की वर्गात शिकवले होते म्हणून, की मला दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, हे नक्की सांगता येत नाही. पत्नी कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. मी खाली फरशीवर बसलो. खाली बसल्यावर तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "सकाळी मी उठायच्या आधी तुझं काय काय हुतं?"

ती म्हणाली, "आता इचारताय व्हय?"

मी फरशीवरून उठलो नाही. मग ती बोलू लागली. मधे एकदा आई हसली, मग पत्नीही हसली. ते हसणे मी यावेळी समोर बसून पाहिले. मधे एकदा पत्नीने पदर तोंडाला लावला, तेव्हाही मी उठलो नाही. माझे नाव त्यात आले की नाही, हे आपल्या कार्यालयाच्या कामाचे नाही.

ती काय बोलली ते मी या अर्जात लिहीत नाही. तपशील मागवल्यास पुरवणार नाही. सुनावणीस बोलावल्यास येईन, पण हेच उत्तर देईन.

१२. तरी विनंती की,
संदर्भ क्र. २ चा आदेश तात्काळ रद्द व्हावा व सदर ध्वनिमुद्रण मला, माझ्या मुलास, मुलीस, अतुल यास अगर माझ्या नावाने येणाऱ्या कोणासही देण्यात येऊ नये. उद्या मीच पुन्हा रागाच्या भरात मागावयास आलो तरी देण्यात येऊ नये. ते ठेवायचे की पुसायचे, हे सौ. आक्काताई यांना विचारावे. त्यांचा फोन नंबर माझ्या नंबरपेक्षा वेगळा आहे, तो खाली दिला आहे.

केंद्राच्या वर्गांवरील स्थगिती उठवावी. केंद्राबाबत माझे मत संपूर्ण स्वच्छ झाले आहे असे समजू नये. फुकट चहा व बिस्किटे यांचा खर्च कोण करते, याचा खुलासा मला अद्याप झालेला नाही, आणि परवलीचा शब्द वेळोवेळी बदलतात काय, हेही मी श्रीमती कुरणे यांना विचारणार आहे. पण संशय असला म्हणून दार बंद करावे, असे नाही. दाराशी माणूस बसवावा. त्या कामासाठी मी विनावेतन तयार आहे.

मात्र सकाळी नऊच्या आत बोलावू नये. तो वेळ आता मला मोकळा नसतो. आईला उचलून बसवणे अद्याप नीट जमत नाही, ती ओरडते, व पत्नी पाठीमागून सूचना देते.

आपल्या तत्परतेचा एकदा फायदा मागितलेला व दुसऱ्यांदा तिच्यापासून संरक्षण मागणारा,

(सही)
बाळासो यशवंत वरुटे
उचगाव, दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) आदेशाची मूळ प्रत (पत्नीने घातलेल्या घड्यांसह).
२) नातेवाइकांच्या तीन दिवसांच्या वर्गाचे माझे प्रमाणपत्र, छायांकित.
३) सौ. आक्काताई वरुटे यांचा स्वतंत्र फोन नंबर, त्यांच्या हस्ताक्षरात.
४) सौ. आक्काताई वरुटे यांचे संमतिपत्र. हा अर्ज त्यांना संपूर्ण वाचून दाखविला आहे. परिच्छेद ११ मधील दोन वाक्ये त्यांनी काढावयास सांगितली, ती काढली आहेत. उरलेल्याखाली त्यांनी सही केली आहे.